एकवीस थपडा

क्योतो,
३ सप्टेंबर १९५६

आदरणीय कुमेदा सेन्तारो-सान यांस,

सप्टेंबर लागला तरी उकाडा काही हटत नाही. ओसाकात तर याहून जास्तच असणार. तुमची आणि ओहिसावहिनींची तब्येत बरी असावी. आमच्याकडे सर्व ठीक आहे.

इथवर लिहिलं आणि लेखणी अडली. योशिए मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "मुक्कामाच्या धर्मशाळांतून ज्याच्याबरोबर एका गादीवर झोपलात, ज्याच्या घोरण्याच्या नकला मला करून दाखवता, त्याला सान काय आणि आदरणीय काय." बायको बोलते ते खरं असलं की जास्तच राग येतो. तर सेनदादा, सात वर्षांनी लिहितोय. आवडलं नाही तर फाडून टाक, पण आधी वाच.

परवा गुरुपत्नी, आपल्या आई, इथे येऊन गेल्या. एक्क्याऐंशीव्या वर्षी, काठी टेकत, एकट्या, आगगाडीनं. मी बसायला आसन दिलं तर घेतलं नाही, चटईवरच बसल्या. बार्लीचा चहा अर्धा प्यायल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "वीस ऑक्टोबरला त्यांचं तेरावं वर्षश्राद्ध. मिनातो थिएटरात त्यांच्या नावानं खेळ आहे. शेवटी तुम्ही दोघं 'जावयाची शिकवणी' करणार. यानंतरचं श्राद्ध थेट सतराव्या वर्षी येईल, तेव्हा मी नसेन. म्हणून हे मागणं नाही, सांगणं आहे."

मी विचारलं, सेनदादा काय म्हणाला?

"तो म्हणाला, तो दगाबाज येणार असेल तर मी नक्की येतो. सगळ्या ओसाकासमोर त्याच्या थोबाडीत एकवीस वेळा मारायची संधी कोण सोडेल?"

हे सांगताना आई हसल्या नाहीत. मी हसलो, कारण दुसरं काय करणार.

मी होकार दिलाय. तोंडपाठ आहे सगळं. गुरुजींनी आपल्यासाठी लिहिलेला तो शेवटचा खेळ, कसा विसरेन. तू सासरा, मी होऊ घातलेला जावई. लग्नाच्या दिवशी पाहुण्यांपुढे काय बोलायचं ते तू मला शिकवायचंस. वाक्य शिकवून झालं की थप्पड, थप्पड पडली की मी तेच वाक्य उलटंपालटं करून म्हणायचं. एकवीस वाक्यं, एकवीस थपडा. तू तोक्कुरी, मी चोको. उंच सुरई आणि बुटका प्याला. गुरुजींनी आपल्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं आणि नावं देऊन टाकली होती.

फक्त माझी एक अट आहे. तू माझ्या उजव्या बाजूला उभं राहायचंस. पूर्वी डावीकडे राहायचास, आता उजवीकडे. कारण विचारू नकोस. एवढं केलंस तर बाकी सगळं तू म्हणशील तसं.

आणखी एक. आईंना कार्यक्रमाच्या पुस्तिकेत छापायला आपल्या दोघांचा रंगमंचावरचा जुना फोटो हवाय. त्यांना सांग, माझ्याकडे एकही नाही. युद्धात जे जळालं त्यात सगळे गेले.

वहिनींना नमस्कार.

आपला,
इवामोतो हेइकिची


क्योतो,
१४ सप्टेंबर

सेनदादा,

तुझं पत्र मिळालं. तब्येत चांगलीच ठणठणीत दिसते. अशक्त माणसाला इतकं तिखट लिहिता येत नाही.

"उजवीकडे का? पडद्यावर तुझा डावा गाल जास्त देखणा दिसतो, असं कुणी डोक्यात भरवलंय का? माझ्या डाव्या हाताला धड चॉपस्टिक धरता येत नाहीत, तो थप्पड काय मारणार? अकरा वर्षं मी तुझ्या डावीकडे उभा राहिलो. उभा राहीन तर तिथेच, नाहीतर घरी बसेन." हे मी योशिएला मोठ्यानं वाचून दाखवलं, तुझ्या आवाजात. तिला हसू आलं. मला नाही आलं.

बरं, कारण हवंय ना, ऐक. माझी डावीकडची दाढ दुखते. मुळापासून किडलीय. दंतवैद्य म्हणतो, काढू, पण चालू चित्रपट संपल्याशिवाय काढता येत नाही, गाल सुजलेला दिसेल. त्यात तुझा हात पडला तर मी रंगमंचावरच लोळेन. झालं समाधान? एवढ्याशा गोष्टीसाठी तू मला देखणा गाल वगैरे म्हणावंस, याची गंमत वाटते. माझा चेहरा बघून भिकारीसुद्धा दुसऱ्या दारी जातात, हे तूच म्हणायचास.

आणि तालमीचं लिहिलंयस. ऑक्टोबरच्या आठ तारखेला ओसाकाला ये म्हणतोस. तालीम कशाला? जे तोंडपाठ आहे त्याची तालीम म्हणजे नुसती दमछाक. मी थेट खेळालाच येईन.

तू लिहिलंस म्हणून मीही लिहितो, मनात ठेवत नाही. सात वर्षं तू दर खेळात एक विनोद करतोस, तो क्योतोपर्यंत पोचलाय. "माझ्याकडे एक प्याला होता. त्याला वाटलं आपण पडद्यावर शोभू. गेला. आता मी सुरईनंच पितो." लोक टाळ्या वाजवतात म्हणे. वाजवू देत. मी गेलो हे खरंच आहे. एका ओळीची चिठ्ठी ठेवून गेलो, हेही खरं आहे. पण तुला वाटतं तसं इथे मी मऊ गाद्यांवर लोळत नाहीये. बेचाळीस चित्रपट झाले. त्यातल्या एकोणतीसांत मी कालव्यात पडलो. सहा वेळा भटजी झालो, सहाही वेळा प्रसाद चोरून खाल्ला. एकात मला बदकानं चावलं, तो प्रसंग लोकांना इतका आवडला की पुढच्या चित्रपटात दोन बदकं आणली. आठवडाभर तोंडाला रंग फासून पहाटेपासून बसायचं, आणि दुपारी दिग्दर्शकानं म्हणायचं, आज ढग आहेत, घरी जा. समोर प्रेक्षक नाहीत. विनोद झाला की नाही हे दिवे धरणाऱ्या माणसाच्या पोटाकडे बघून ठरवायचं. त्याचं पोट हललं तर झाला.

गेल्या मंगळवारची मजा सांगतो. दुकानाचा देखावा लावला होता. त्यातली लाकडी चौकट सुटली आणि डावीकडून माझ्यावर आली. सगळे ओरडले म्हणे. मी आपला विचारात, तिथेच उभा. चौकट पडली ती नेमकी माझ्या भोवती, मी खिडकीच्या भोकात, अंगावर ओरखडा नाही. लोक हसून हसून पडले. सहायक दिग्दर्शक मात्र हसला नाही. जवळ येऊन म्हणाला, "इवामोतो-सान, पाच माणसं ओरडली. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत." मी म्हणालो, विनोदी नट घाबरला तर त्याला कोण विचारतो. तो गेला, पण दिवसभर त्याची नजर माझ्यावर होती.

घरी हे सांगितलं तर योशिएनं भाताचा वाडगा खाली ठेवला. मुळ्याच्या लोणच्याची बशी माझ्या पुढ्यात सरकवली आणि उठून गेली.

तर दाढेचं कारण कळलं ना? उजवीकडे उभा राहा. डाव्या हातानं थोडा सराव कर, महिनाभर हातात आहे. उशीवर मार.

हेइकिची


क्योतो,
२ ऑक्टोबर

सेनदादा,

तुझं कार्ड आलं. नमस्कार नाही, सही नाही. "दाढेची थाप बदकांना सांग. खरं कारण कळव, नाहीतर दहा तारखेला मी आईंना नाही म्हणून सांगतो." अकरा वर्षं एकत्र काढली की एवढा तोटा होतोच, थाप पचत नाही.

मी तुला न सांगता एक काम केलं, ते आधी सांगतो. परवा रविवारी मी ओसाकाला आलो होतो. सर्दी झाल्यासारखा तोंडाला फडका बांधला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि तुझ्या दुपारच्या खेळाला मागच्या रांगेत जाऊन बसलो. तू आणि तुझा तो नवा जोडीदार, लठ्ठ मारुओ. माणूस चांगला आहे, वेळ सांभाळतो. तुझं पोट सुटलंय. आवाज मात्र तसाच, मागच्या भिंतीपर्यंत जातो. मी कडेच्या खुर्चीत तिरका बसून ऐकत होतो. तिरका का, ते पुढे येईलच.

तू त्याला मारायला हात उचललास. मी इकडे नकळत मान वळवली, इतकी जुनी सवय. आणि पाहिलं तर तुझा हात त्याच्या गालापासून बोटभर अलीकडे थांबला. आवाज त्यानं काढला, स्वतःच्या मांडीवर हात आपटून. लोक हसले, जसं पाहुण्यांकडे गेल्यावर हसतात तसं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी मोजलं. नऊ वेळा हात उठला आणि नऊही वेळा हवेत राहिला. ज्या हाताचा आवाज ऐकून बाहेर तिकीट काढणारी माणसं हसायची, तो हात.

मला बसवेना. मी मध्येच उठून आलो. पुलावर नूडल्सच्या गाडीपाशी उभा राहिलो, वाडगा घेतला आणि तसाच ठेवून आलो. तुला कुणी सांगितलं होतं का काही? की हातालाच कळलं होतं? हा प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून आज लिहितोय. योशिए गेली सात वर्षं म्हणतेय, लिहा. आज ती घरी नाही, म्हणून लिहायला जमतंय.

माझा डावा कान गेलाय. कमी ऐकू येतं असं नाही, अजिबात ऐकू येत नाही. डावीकडून तोफ उडाली तरी मला कळायचं नाही. ती चौकट पडली तेव्हा मी विचारातबिचारात काही नव्हतो.

कोबे, १९ फेब्रुवारी १९४९, दुपारचा खेळ. चौदावी थप्पड. "वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद हीच माझी संपत्ती," असं तू शिकवलंस आणि हात उचललास. तो जरा वर लागला. कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं, आणि त्यानंतर त्या बाजूचं थिएटर गप्प. उजवीकडची माणसं हसत होती, डावीकडची नाही. मला क्षणभर वाटलं, डावीकडच्यांना खेळ आवडला नाही. उरलेल्या सात थपडा मी कशा घेतल्या, सांगू? तू हात उचललास की तुझी बाही माझ्या दंडाला घासायची. तिच्यावर. खेळ संपल्यावर मी मोरीत जाऊन कान धुतला. हातरुमालाला रक्त लागलं होतं. तो रुमाल मी खिशात कोंबला आणि बाहेर येऊन तुझ्याबरोबर जेवलो. तू मला विचारलंस, "काय रे, एवढा गप्प का?" मी म्हणालो, दमलोय. नंतर इथल्या डॉक्टरनं आत दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं, याचं आता काही होणार नाही.

का सांगितलं नाही? तुझ्या हातासाठी. गुरुजी म्हणायचे, मार खाणारा घाबरला तर चालतं, लोक त्यालाच हसतात. मारणारा घाबरला तर लोकांना त्याची दया येते, आणि दया आलेला माणूस हसत नाही. मी सांगितलं असतं तर तू पुन्हा हात उचलला नसतास. माझ्यावर नाही, कुणावरच नाही. आणि न सांगता तुझ्या शेजारी उभं राहणं शक्य नव्हतं, लोकांच्या हशात डावीकडून तुझं बोलणं माझ्या उजव्या कानापर्यंत पोचतच नव्हतं. म्हणून गेलो. म्हटलं, सेनदादा शिव्या घालील, दगाबाज म्हणेल, पण त्याचा हात तरी शाबूत राहील. सात वर्षं मी त्या हाताकरता मूग गिळून बसलो. आणि परवा जाऊन बघतो तर हात कधीचाच मेलाय.

आता हे तुझ्याकडे आहे. कंपनीत कुणाला माहीत नाही. डिसेंबरात करार नव्यानं व्हायचाय, आणि बहिऱ्याला घेऊन बोलपट कोण काढील? तू एका माणसाजवळ बोललास तरी माझं काम संपलं. तुझा माझ्यावर राग आहे आणि माझी मान तुझ्या हातात आहे, हे मला समजतं. तरी लिहिलं.

म्हणून उजवीकडे. तुझं बोलणं मला ऐकू यावं एवढ्यासाठीच. आता तरी नाही म्हणू नकोस.

तुझा,
हेइ


क्योतो,
१५ ऑक्टोबर

सेनदादा,

तुझं उत्तर आलं नाही. ओहिसावहिनींचं आलं. ते मी दोनदा वाचलं.

त्या लिहितात, माझं पत्र आल्यापासून तू जेवत नाहीस. दुपारभर उजवा हात मांडीखाली दाबून बसतोस. मारुओला सांगितलंस, दुसरा जोडीदार बघ. आईंकडे गेलास, चटईला कपाळ टेकलंस आणि म्हणालास, "मी त्याला बहिरा केला. मी त्याच्या शेजारी उभा राहू शकत नाही." आणि वहिनींना म्हणालास की तुला तेव्हाच कळलं होतं. त्या दिवशी हाताला आवाज वेगळा लागला. ओला. म्हणून तू मला जेवताना विचारलंस, मी दमलोय म्हटलं, आणि तू त्यावर विश्वास ठेवलास, कारण तुला ठेवायचा होता. पुढच्या सोमवारी मी नाहीसा झालो तेव्हा तू सगळ्यांना दगाबाज दगाबाज म्हणून सांगत सुटलास, कारण मी दगाबाज नसेन तर दुसरंच काही खरं निघायचं होतं.

काल आई पुन्हा इथे येऊन गेल्या. यावेळी आसनावर बसल्या, थकल्या होत्या. म्हणाल्या, "पुस्तिका छापून आली. शेवटच्या पानावर तुमची नावं आहेत. मी काही कापायला लावणार नाही. पडदा वर जाईल आणि तिथे कुणी नसेल तर नसेल. लोक बघतील, मीही बघेन." मग माझ्याकडे वळल्या. "हेइ, तू सगळं सांगितलंस का त्याला?"

मी म्हणालो, हो.

त्या म्हणाल्या, "तू चौदा वर्षांचा होतास तेव्हापासून मी तुला ओळखते." आणि काठी घेऊन उठल्या.

त्यांना स्टेशनवर पोचवून आलो आणि कपाटाचा खालचा कप्पा उघडला. योशिए भाजी चिरत होती. तिनं वर पाहिलं नाही, म्हणाली, "लिफाफा मोठा घ्या, दुमडू नका."

सेनदादा, सोबत एक फोटो आहे. पत्र पुढे वाचण्याआधी तो बघ.

बघितलास? कोबे, १९ फेब्रुवारी, चौदावी थप्पड. युद्धात जळालेला नाही, कारण तो युद्धानंतरचा आहे. मी खोटं लिहिलं होतं. कुणाही परक्याला दाखवलास तर तो हसेल. उंच माणसाचा हात हवेत, बुटक्या माणसाचं तोंड कानापर्यंत फाकलेलं. पण तू हसणार नाहीस. तू माझी मान बघशील.

मान सरळ आहे. तुझा हात गालापासून वीतभरावर आलाय आणि माझी मान सरळ आहे. ती तोवर उजवीकडे वळायला हवी होती, थोडी तरी. आपण हे किती हजार वेळा केलं. तू नाकानं श्वास ओढायचास, मी मान वळवायचो, हात सरकत जायचा, आवाज मोठा आणि लागणं शून्य. मारणं तुझं काम, वळणं माझं. तुझा हात त्या दिवशी जिथे जायचा तिथेच गेला. वर लागलाबिगला नाही. ते मी गेल्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. एवढं सगळं खरं लिहिलं आणि नेमकं तेवढं खोटं लिहिलं. बघ मी कसला माणूस आहे.

माझे डोळे कुठे आहेत ते बघ आता. तिसऱ्या रांगेत. तिथे चित्रपट कंपनीचा माणूस बसला होता, फोटोवाल्याला घेऊन. मला सकाळीच कळलं होतं. तुला सांगितलं नव्हतं, कारण तो एकट्या मला बघायला आला होता. तेराव्या वाक्याला मला दणकून हशा मिळाला, लोक थांबेचनात, आणि तुझं चौदावं सुरू झालं तेव्हा मी तो चेहरा सोडायला तयार नव्हतो. मला तुझा श्वास ऐकू आला. नीट ऐकू आला, या कानानं ऐकलेली ती शेवटची गोष्ट. मनात म्हटलं, आणखी एक क्षण, त्याला नीट दिसू दे. आणि वळलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस हाच फोटो घेऊन मुक्कामावर आला, तू केस कापायला गेला होतास तेव्हा. म्हणाला, "थप्पड येतेय आणि हा माणूस हसतोय. असा चेहरा मी पाहिला नाही." या फोटोवर मला काम मिळालं. बेचाळीस चित्रपट या सरळ मानेवर झालेत.

तेव्हा मी तुझ्या हातासाठी गेलो, हे अर्धंच खरं. तुझ्या हाताची काळजी मला होती. पण तुझ्यासमोर राहिलो असतो तर कधीतरी तू विचारलं असतंस, "तू वळला का नाहीस?" त्याला मी भ्यालो. तुला दगाबाज म्हणू दिलं, कारण ते खरं होतं. पण तू उगाच स्वतःला दोष देत असशील हे मला कुठेतरी ठाऊक होतं, आणि ते मी चालू दिलं. त्याची मला लाज वाटते. माफ कर म्हणायची हिंमत नाही, म्हणून नुसतं सांगतो.

आता वीस तारखेचं.

उजवीकडे उभं राहायची अट मी मागे घेतो. तुझ्या डाव्या हातानं कुणी हसणार नाही. तू माझ्या डावीकडेच उभा राहा, गुरुजींनी उभं केलं होतं तिथे. तू काय बोलतोस ते मला ऐकू येणार नाही, पण ते मला पाठ आहे. बाही घासली की मी मान वळवीन, यावेळी नक्की वळवीन, ते माझं काम आहे. आणि थप्पड पडली की मला कळेल, तुझं वाक्य संपलं, आता मी. कालपासून योशिएला शेजारी उभं करून हेच करतोय. पहिल्या चार वेळा चुकलो, पाचव्यापासून जमलं. तिचा हात चांगला बसतो, सात वर्षांचं साचलेलं असणार. हा गाल लाल आहे आणि मी तीन वाडगे भात जेवलोय.

पण हात खराच पडला पाहिजे, सेनदादा. हवेत राहून चालायचं नाही. मारुओला ऐकू येतं, तो मांडीवर हात आपटून वेळ मारून नेतो. मला दुसरी खूण नाही. तुझा हात बोटभर अलीकडे थांबला, तर माझी पाळी आली हे मला कळणारच नाही. मी आईंसमोर, सगळ्या ओसाकासमोर, गुरुजींच्या फोटोखाली तोंड उघडं टाकून उभा राहीन, आणि वाट बघत राहीन. लोकांना माझी दया येईल. त्या कानाची काळजी करू नकोस, तिथे आता मोडायला काही उरलेलं नाही.

वीस तारखेला दुपारी एक वाजता मी मिनातो थिएटराच्या मागच्या दारानं येईन. तालीम नको. माझी जागा मी घेईन आणि समोर बघत उभा राहीन. तू आलास की नाही हे मला ऐकू येणार नाही, आणि मी वळून बघणार नाही. पहिली थप्पड पडली की समजेन.

तुझ्या उजव्या हाताशी उभा,
चोको